रोनाल्ड ब्रेस्लो : साठ वर्षं एकाच प्रश्नामागे (ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक की मधलंच काहीतरी?)

लिगंड

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते, आज निवांत वेळ मिळाला. मी पीएचडीला सायक्लोडेक्स्ट्रिनला (साखरेच्या एककांचं गोल कडं) धातू जोडलेली संयुगं बनवत होते, आणि पाच वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "तू नक्की ऑरगॅनिकची की इनऑरगॅनिकची?" ऑरगॅनिकवाले म्हणायचे धातू आला म्हणजे तिकडे जा, इनऑरगॅनिकवाले म्हणायचे ही तर साखर आहे. थीसिसचे परीक्षक ठरवतानाही ह्यावरूनच चार महिने गेले. तेव्हा मला ज्या माणसाच्या पेपरांनी धरून ठेवलं ते रोनाल्ड ब्रेस्लो. त्यांच्यावर मराठीत नीट कुठे काही वाचायला मिळालं नाही म्हणून हा प्रपंच.

थोडक्यात माणूस कोण ते सांगते. जन्म १९३१, न्यू जर्सीतलं राहवे. हार्वर्डला वुडवर्ड यांच्याकडे पीएचडी १९५५, मग एक वर्ष केंब्रिजला टॉड यांच्याकडे, आणि १९५६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जे आले ते २०१७ ला जाईपर्यंत तिथेच. नोबेल नाही मिळालं. पण केमिस्ट्रीचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, तीन-चार ठिकाणी त्यांचं काम भेटतंच.

पहिली गोष्ट थायामिनची, कारण मला ती सगळ्यात सुंदर वाटते. थायामिन म्हणजे व्हिटॅमिन बी१, जे कमी पडलं की बेरीबेरी होतो. शरीरात पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढायला हे लागतं हे माहीत होतं, पण ते नक्की करतं काय हे कुणाला कळत नव्हतं. अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मागे जे दोन इलेक्ट्रॉन उरतात ते ज्या कार्बनवर येतात तो आधीच ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला असतो, म्हणजे तो मुळात इलेक्ट्रॉन घेणारा कार्बन, त्याच्यावर ऋण भार टिकणारच नाही. फ्लास्कमध्ये हीच अडचण सायनाइड सोडवतं, बेंझोइन कंडेन्सेशनमध्ये (दोन बेंझाल्डिहाइड एकमेकांना जोडणारी रिॲक्शन), लॅपवर्थ यांनी ते १९०३ लाच दाखवलं होतं. आता शरीर काही सायनाइड वापरणार नाही. मग थायामिनमधला कुठला भाग सायनाइडसारखा वागतो?

ब्रेस्लोंनी थायाझोलियमचे (थायामिनमध्ये गंधक आणि नायट्रोजनचं जे कडं असतं त्याचे) क्षार जड पाण्यात (म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं) टाकले आणि एनएमआर काढला, म्हणजे रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे आहे ते दाखवणारा आलेख. १९५७ साल, एनएमआर तेव्हा अगदी नवं यंत्र. कड्यातल्या गंधक आणि नायट्रोजनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन, ज्याला सी-२ म्हणतात, तो बघता बघता गायब झाला, त्याच्या जागी ड्युटेरियम बसलं. म्हणजे तिथला प्रोटॉन सहज सुटतो आणि मागे राहिलेला कार्बन सायनाइडसारखा हल्ला करू शकतो! त्या वेळी त्यांचं वय सव्वीस. आज ह्या हल्ल्यातून पुढे तयार होणाऱ्या मधल्या संयुगाला सगळे "ब्रेस्लो इंटरमीडिएट"च म्हणतात.

त्याच वर्षी तीन कार्बनच्या कड्याचा धन आयनही त्यांनी बनवला, सायक्लोप्रोपेनिल कॅटायन, दोनच पाय (π) इलेक्ट्रॉन असलेला सगळ्यात लहान ॲरोमॅटिक. त्याबद्दल नंतर लिहीन.

पुढचं प्रतिसादात टाकते, हे आधीच लांबलंय.

वाचनमात्र

मी केमिस्ट्रीचा नाही, बारावीनंतर सुटलं, पण थायामिनचं समजलं. येऊ द्या पुढे.

जुना फ्लास्क

छान सुरुवात ताई. एक भर घालतो. थायाझोलियमचे क्षार बेंझोइन कंडेन्सेशन करतात हे १९४३ ला जपानमध्ये उगाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलं होतं, म्हणजे थायाझोलियमवर बोट आधीच ठेवलेलं होतं. पण कुठला अणू काम करतोय हे ब्रेस्लोंनी दाखवलं आणि खरं कोडं तेच होतं. आम्ही शिकत होतो तेव्हा हा भाग फळ्यावर बाणांनी काढून दाखवायचे आणि पुढे जायचे, जड पाण्याचा प्रयोग कुणी सांगितलाच नाही. बाण पाठ झाले, पण ते बाण कशावरून काढले हे मला फार उशिरा, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

लिगंड

जुना फ्लास्क काका, उगाईंचं बरं आठवण केलंत, ते यायलाच हवं होतं.

तर पुढे. थायामिननंतर ब्रेस्लोंच्या डोक्यात एकच प्रश्न बसला असं मला त्यांचं सगळं काम बघून वाटतं: एन्झाइम जे करतं ते आपण साध्या, हाताने बनवलेल्या रेणूकडून करून घेऊ शकतो का? आणि इथेच ते धातूंकडे वळले.

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजची सहा, सात किंवा आठ एककं गोल जोडलेली, तळ नसलेल्या छोट्या बादलीसारखी. बाहेरून पाण्याला आवडणारी, आतून तेलकट. त्यामुळे बेंझिनचं कडं वगैरे पाण्यातून पळून तिच्या आत जाऊन बसतं. १९७० ला ब्रेस्लो आणि ओव्हरमन यांनी ह्या बादलीच्या काठाला निकेलचं कॉम्प्लेक्स बांधलं. म्हणजे एस्टर बादलीत येऊन बसणार आणि काठावरचा निकेलवाला भाग त्याला तोडणार, धरायची जागा वेगळी आणि तोडायची जागा वेगळी, अगदी एन्झाइमसारखं. पेपरच्या शीर्षकातच "कृत्रिम एन्झाइम" असे शब्द होते. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हा पेपर वाचला आणि पहिल्यांदा वाटलं की आपण करतोय त्याला घर आहे. पुढे १९७२ च्या सुमारास त्यांनी ह्या सगळ्या प्रकाराला "बायोमिमेटिक केमिस्ट्री" हे नाव दिलं, ते आज सगळेच वापरतात.

मग स्टेरॉइड. कॉर्टिसोन बनवायचं तर स्टेरॉइडच्या सांगाड्यावर ११ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवावा लागतो, आणि आजूबाजूला धरायला काहीच नाही, नुसते सी-एच बंध. १९५२ ला पीटरसन आणि मरे यांनी ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीकडून ते करून घेतलं, म्हणजे बुरशीच्या एन्झाइमकडून. ब्रेस्लोंचं म्हणणं, बुरशीला जमतं ते भूमितीमुळे जमतं, मग भूमिती आपण बनवू. स्टेरॉइडच्या एका टोकाला त्यांनी हात बांधला (आधी बेंझोफेनोन, नंतर आयोडोफेनिल), तो हात मोजून असा की त्याचं टोक बरोबर हव्या त्या हायड्रोजनपाशी पोचावं. हाताची लांबी बदलली की हायड्रोजनच्या जागी येणारा क्लोरीन वेगळ्या कार्बनवर बसायचा. मी हे वाचताना कागदाचं मॉडेल करून बघितलं होतं, खरंच पोचतं!

आणि १९९७ ला सगळ्याची गाठ एकत्र बांधली. मध्ये मँगनीजचं पॉरफिरिन (आपल्या रक्तातल्या हेमचं भावंड), त्याच्या चार बाजूंना चार सायक्लोडेक्स्ट्रिन. स्टेरॉइडची दोन टोकं समोरासमोरच्या दोन बादल्यांत अडकतात, सांगाडा बरोबर मँगनीजच्या वर ताणून बसतो, आणि ६ नंबरच्या कार्बनवर, एकाच बाजूने, हायड्रॉक्सिल बसतो. शरीरात हे काम सायटोक्रोम पी-४५० करतं, लोखंड वापरून. ह्याला आता ऑरगॅनिक म्हणाल की इनऑरगॅनिक? मला तर प्रश्नच चुकीचा वाटतो.

पिपेट

धागा आवडला, पण एक खटकणारी गोष्ट लिहितो, राग मानू नका. मी उद्योगात आहे, प्रोसेसमध्ये. हे कृत्रिम एन्झाइम वगैरे पेपरात छान दिसतं पण खऱ्या एन्झाइमच्या वेगाच्या जवळपास तरी कुठे पोचलं? ते मँगनीजवालं सुरुवातीला मोजून चार-पाच फेऱ्या करून (म्हणजे तेवढेच रेणू बदलून) जळून जायचं, स्वतःचंच ऑक्सिडेशन करून घ्यायचं. स्टेरॉइड आजही सूक्ष्मजीवांकडूनच करून घेतात. आणि एन्झाइम हवं तसं वळवायचं तर फ्रान्सिस अर्नोल्ड यांचा रस्ता, जीन बदलत जा, निवडत जा, २०१८ चं नोबेल त्याला मिळालं. मग साठ वर्षं खर्च करून हाती काय आलं, असा प्रश्न पडतो. करियर म्हणून विचारतोय, माणूस मोठा होता ह्यात वाद नाही.

लिगंड

पिपेट, राग कसला, हा प्रश्न मलाही छळायचा. जळून जायचं हे खरंय. नंतर पॉरफिरिनवर फ्लोरीनचे अणू लावले तेव्हा फेऱ्या शंभरावर गेल्या, पण कारखान्यासाठी ते पुरेसं नाही हे मान्य.

पण मला वाटतं ब्रेस्लोंचं खरं कमावणं कुठे आहे ते सांगते. रायबोन्यूक्लिएझ हे आरएनए तोडणारं एन्झाइम, त्यात दोन हिस्टिडिन (एक अमिनो आम्ल) एकमेकांसमोर असतात हे माहीत होतं आणि पुस्तकात यंत्रणाही लिहिलेली होती. ब्रेस्लोंच्या गटाने सायक्लोडेक्स्ट्रिनच्या काठावर दोन इमिडाझोल (हिस्टिडिनमधलं काम करणारं कडं) लावले, वेगवेगळ्या अंतरावर, शेजारी, एक सोडून, समोरासमोर. पुस्तकातल्या यंत्रणेप्रमाणे लांबचे दोघे चांगले चालायला हवेत. चालले शेजारचे! म्हणजे प्रोटॉन जिथे जातो असं सगळे धरून चालले होते तिथे तो आधी जात नसावा, आधी फॉस्फेटच्या ऑक्सिजनवर जात असावा, असं त्यांनी मांडलं. सगळ्यांना पटलं नाही, त्यावर बरेच वाद झाले. पण हा प्रश्न खऱ्या एन्झाइमला विचारताच येत नाही, कारण एन्झाइममधलं एक हिस्टिडिन उचलून दोन अँगस्ट्रॉम सरकवता येत नाही. मॉडेलमध्ये येतं. मी ह्यासाठी हे काम करत होते, वेगासाठी नाही.

आणि १९८० चा पाण्यातला डील्स-आल्डर (दोन रेणू जोडून कडं बनवणारी रिॲक्शन) तर तुमच्या उद्योगाच्याही कामाचा आहे. सायक्लोपेंटाडाइन आणि ब्युटेनोन, नेहमीची रिॲक्शन, सगळे ऑरगॅनिक द्रावकात करायचे कारण दोन्ही तेलकट. ब्रेस्लोंनी पाण्यात केली, आयसोऑक्टेनपेक्षा सातशे पटींहून जास्त वेग. लिथियम क्लोराइड घातलं तर अजून वाढला, ग्वानिडिनियम क्लोराइड घातलं तर कमी झाला, म्हणजे पाणी ह्या दोघांना एकमेकांकडे ढकलत होतं, सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बादलीत ढकलतं तसंच. बादलीचा अभ्यास करता करता हे सापडलं.

पिपेट

पाण्याचं मान्य. ते आम्ही वापरलंय आणि ते ब्रेस्लोंचं आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. इमिडाझोलचा पेपर शोधून वाचतो.

बाह्यरुग्ण

मी डॉक्टर आहे, कॅन्सरच्या विभागात काम केलंय. आमच्याकडे व्होरिनोस्टॅट नावाचं औषध शिकवतात, ते ह्याच ब्रेस्लोंचं ना? लिगंड, त्याबद्दल लिहा, आम्हाला फक्त डोस आणि साइड इफेक्ट शिकवतात.

लिगंड

हो! तीच गोष्ट लिहायला मी शेवटी ठेवली होती.

१९७१ ला शार्लट फ्रेंड यांच्या लक्षात आलं की उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशींना डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे आपल्या लॅबमधलं साधं डीएमएसओ, दिलं तर त्या पेशी कॅन्सरसारखं वाढणं सोडून हिमोग्लोबिन बनवायला लागतात. अक्षरशः लाल होतात. पण त्यासाठी डीएमएसओ लागायचं २८० मिलिमोलर, एवढं माणसाला देणं शक्यच नाही. कोलंबियातले डॉक्टर पॉल मार्क्स आणि रिचर्ड रिफकाइंड ब्रेस्लोंकडे गेले. ब्रेस्लोंचा विचार असा, की इतका लहान रेणू इतक्या प्रमाणात लागतोय म्हणजे धरणारी जागा त्याला जेमतेम धरतेय, मग असे दोन तुकडे एका साखळीने जोडले तर? त्यातून १९७६ चं एचएमबीए आलं, दोन ॲमाइड आणि मध्ये सहा कार्बनची साखळी. ५ मिलिमोलरला काम झालं. रुग्णांनाही दिलं, पण डोस खूप लागायचा आणि प्लेटलेट्स उतरायच्या.

मग पुढची वीस वर्षं बघा. पेशीमध्ये हे नक्की कुणाला धरतं हे माहीत नाही, फक्त पेशी लाल होतात का एवढंच बघायचं आणि रेणू बदलत राहायचे. ब्रेस्लोंनी एका टोकाला धातू पकडणारा गट लावायचं ठरवलं, हायड्रॉक्सॅमिक ॲसिड. जो माणूस आयुष्यभर धातू असलेल्या एन्झाइमांशी खेळला, कार्बॉक्सिपेप्टिडेझ ए ह्या झिंकच्या एन्झाइमवर सत्तरच्या दशकात काम केलं, त्यालाच हे सुचणार ना. दुसऱ्या टोकाला फेनिल. हे झालं साहा, सुबेरॉइल ॲनिलाइड हायड्रॉक्सॅमिक ॲसिड, म्हणजेच तुमचं व्होरिनोस्टॅट. साधारण २.५ मायक्रोमोलर! डीएमएसओच्या मानाने लाखपट कमी.

आणि १९९८-९९ ला उत्तर आलं. ते हिस्टोन डिॲसिटिलेझ ह्या एन्झाइमला (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे ॲसिटिल गट काढणारं) बंद करतं. पाव्हलेटिच यांच्या गटाने क्रिस्टल रचना काढली (जिवाणूतल्या त्याच जातीच्या प्रथिनाची) तेव्हा दिसलं की त्या एन्झाइममध्ये एक अरुंद बोगदा आहे, तळाशी झिंक, आणि साहाची साखळी बोगद्यातून सरळ खाली उतरून हायड्रॉक्सॅमिक ॲसिडने झिंकला धरते, फेनिल वर तोंडाशी बुचासारखं बसतं. सहा कार्बनची साखळी त्यांनी पेशींचा रंग बघून ठरवली होती आणि ती बोगद्याच्या लांबीची निघाली. हे चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लायब्ररीत एकटीच होते आणि कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता ऑक्टोबर २००६. फ्रेंड यांच्या निरीक्षणापासून ३५ वर्षं.

बाह्यरुग्ण

धन्यवाद, हे कुणी असं सांगितलं नव्हतं. माझ्या बाजूने भर : मान्यता त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी आहे, बाकीचे उपाय थकल्यावर. दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तोंडाने. ज्या मुख्य चाचणीवर मान्यता मिळाली त्यात ७४ रुग्ण होते आणि साधारण ३० टक्क्यांना फायदा झाला. म्हणजे हा आजार बरा करणारं औषध नाही. पण ह्या आजारात खाज इतकी असते की माणूस रात्र रात्र झोपत नाही, ती कमी होणं हेही रुग्णासाठी खूप असतं. जुलाब, थकवा होतो, आणि प्लेटलेट्स इथेही उतरतात, एचएमबीएचं वाचून लगेच तेच आठवलं. ह्याच कुटुंबातलं बेलिनोस्टॅट २०१४ ला आलं, त्यातही हायड्रॉक्सॅमिक ॲसिडच आहे.

एनएमआर ट्यूब

नमस्कार, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. एक प्रश्न, निसर्ग इतक्या ठिकाणी झिंकच का वापरतो? लोखंड, तांबं असताना?

जुना फ्लास्क

ह्याचं उत्तर मी देतो, आवडता विषय आहे.

झिंकचे डी ऑर्बिटल पूर्ण भरलेले, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन. म्हणून ते ऑक्सिडेशन-रिडक्शनच्या भानगडीत पडत नाही, नेहमी अधिक दोनच. लोखंड, तांबं ऑक्सिजनशी खेळतात, रॅडिकल तयार होतात, जिथे नुसतं पाण्याने बंध तोडायचाय तिथे ते धोक्याचं. झिंक शांतपणे पाण्याच्या रेणूला धरतं, त्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं, आणि ज्या पाण्याचा पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याचं माप, कमी म्हणजे सहज) एरवी पंधराच्या वर तो कार्बोनिक ॲनहायड्रेझ ह्या झिंकच्या एन्झाइममध्ये सातच्या आसपास येतो. म्हणजे शरीराच्या साध्या पीएचला हायड्रॉक्साइड तयार! शिवाय भरलेल्या कवचामुळे त्याला एका ठरावीक आकाराचा हट्ट नाही, चार हात, पाच हात, सहा हात, एन्झाइमला हवं तसं वळतं, आणि धरलेलं पटकन सोडतंही.

पण ह्याच गुणामुळे ते आपल्यापासून लपतं. रंग नाही, चुंबकीय सिग्नल नाही. झिंक एन्झाइममध्ये असतं हेच १९४० मध्ये कार्बोनिक ॲनहायड्रेझवर कीलिन आणि मान यांनी दाखवलं तेव्हा कळलं. म्हणून लोक झिंक काढून कोबाल्ट बसवतात, एन्झाइम बहुतेक वेळा चालू राहतं आणि रंग येतो, मग आत काय चाललंय ते बघता येतं. तुला प्रोजेक्ट निवडायचा असेल तर हा विचार करून बघ.

पिपेट

मध्येच एक विचारतो. २०१२ चं ते जॅक्सचं (अमेरिकन केमिकल सोसायटीचं नियतकालिक) प्रकरण कुणी काढलं नाही. अमिनो आम्लांचा हातपणा (डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असताना सजीवांत एकच का) कुठून आला ह्यावरचा त्यांचा लेख मागे घ्यावा लागला होता, कारण मजकूर त्यांच्याच आधीच्या लेखांशी जुळत होता.

लिगंड

खरं आहे, आणि धागा त्यांच्या कौतुकाचा असला तरी ते इथे असायला हवं. मजकूर स्वतःचाच होता, पण पुन्हा छापायला नको होता, लेख मागे घेतला तेच बरोबर झालं. मला वाईट वाटलं होतं.

आणि तसंच दुसरंही असू दे : कोलंबिया कॉलेजमध्ये १९८३ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. प्रवेश द्यावा अशी शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष ब्रेस्लो होते. विद्यार्थ्यांत रॉबर्ट ग्रब्ज, १९६८ ची पीएचडी, पुढे रुथेनियमच्या कॅटॅलिस्टसाठी २००५ चं नोबेल. ग्रब्ज यांच्या १९९९ च्या सुधारित कॅटॅलिस्टमध्ये रुथेनियमला जो कार्बीन लिगंड (लिगंड म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू) बसवलाय तो दोन नायट्रोजनच्या मधला कार्बन, थायामिनच्या सी-२ चा सख्खा नातेवाईक. माझं इथलं नाव लिगंड आहे ते त्यावरूनच.

एनएमआर ट्यूब

लिगंड ताई, तुमचं वाचून मी परवा थायामिन हायड्रोक्लोराइड जड पाण्यात घातलं. आलेखावर ९.६ पीपीएमच्या आसपास सी-२ चा पीक दिसला, पण अर्धा तास थांबले तरी तो जवळजवळ तेवढाच. काही चुकलं का? खूप हिरमोड झाला.

लिगंड

अगं चुकलं नाही! हायड्रोक्लोराइड आहे ना, द्रावण आम्लधर्मी झालं, पीएच तीनच्या आसपास. प्रोटॉन ओढायला तिथे बेसच नाही, तासन् तास लागतील. चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट टाक, फसफसेल, थांबलं की लगेच एनएमआर काढ. बायकार्बोनेटमध्ये फार वेळ ठेवू नकोस, पिवळं पडायला लागेल. आणि ८ च्या जवळ पिरिमिडिनच्या कड्यावरचा एक हायड्रोजन आहे, तो तुलनेला ठेव.

जुना फ्लास्क

आधीचा स्पेक्ट्रम पुसू नकोस गं, दोन्ही शेजारी ठेव. आम्लातला आणि बेसमधला फरक हाच खरा प्रयोग आहे.

एनएमआर ट्यूब

आत्ताच काढला. ९.६ ला काहीच नाही, सपाट रेघ. पहिलाच स्कॅन होता, ट्यूब मशीनमध्ये घालेपर्यंतच गेला असणार. ८ चा जागेवर आहे, मिथाइलचे दोन्ही जागेवर आहेत. दोन्ही प्रिंट वहीत चिकटवलेत. काका, कोबाल्टबद्दल उद्या माझ्या गाइडना विचारणार आहे.